'क्रॉसरोड': आपत्तीतल्या साध्या माणसांचं धाडस मुलांना शिकवणारा पत्त्यांचा खेळ

धाडसाच्या गोष्टी मुलांना सांगताना बहुतेक वेळा शेवट आधी सांगितला जातो. अमक्याने जीव धोक्यात घालून इतक्या लोकांना वाचवलं, हे पहिल्याच वाक्यात येतं आणि बाकीची गोष्ट टाळ्यांपुरती उरते. त्या माणसापुढे त्या क्षणी दोन वाटा होत्या, दोन्हींकडे काही ना काही गमवावं लागणार होतं, आणि पुढे काय होईल हे त्याला मुळीच ठाऊक नव्हतं, हा सगळा भाग गळून जातो. मुलांच्या मनात राहतो तो कुणीतरी जगावेगळा शूर माणूस. आपण काही तसे नाही, एवढंच मूल त्यातून शिकतं.

'क्रॉसरोड' हा जपानी पत्त्यांचा खेळ नेमकी ही उणीव भरून काढतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो. दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी, आणि खेळ घेणारा माणूस तयारी करून बसणार असेल तर, जरूर घ्यावा असा हा खेळ आहे. नुसता डबा उघडून मुलांच्या हातात दिला, तर मात्र थोड्याच वेळात तो गुण मोजण्याचा खेळ होऊन बसतो.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५:४६ वाजता जपानमधल्या कोबे परिसरात भूकंप झाला. ६,४३४ माणसं गेली. त्या दिवसांत काम केलेल्या कोबे महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती नंतर संशोधकांनी घेतल्या, आणि कोणत्या क्षणी त्यांना दोन वाईटांतून एक निवडावं लागलं ते टिपून ठेवलं. क्योतो विद्यापीठाचे कात्सुया यामोरी, केइओ विद्यापीठाच्या तोशिको किक्कावा आणि गेम डिझायनर त्सुयोशी अजिरो यांनी त्यातून २००४ साली हा खेळ तयार केला. पुढे नागरिकांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी वेगळे संच निघाले. २०११ च्या भूकंपानंतर सेंदाई शहराच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या अनुभवांवरून 'सेंदाई संच' केला. म्हणजे पत्त्यांवरचे प्रसंग कुणी टेबलाशी बसून रचलेले नाहीत. कारकून, शिक्षक, शेजारीपाजारी अशा माणसांवर ते खरोखर आलेले आहेत. खेळाचं सगळं वजन या एका गोष्टीत आहे.

साहित्य अगदी साधं. प्रश्नांचे पत्ते, प्रत्येक खेळाडूकडे एक 'हो' आणि एक 'नाही' असे दोन पत्ते, आणि गुणांसाठी निळ्या व सोनेरी 'झाबुतोन', म्हणजे जपानी बैठकीच्या गाद्या, छापलेले पत्ते. गट पाच जणांचा सर्वांत चांगला, सात जणांचा चालतो. संख्या विषम असलेली बरी. एकाने प्रश्न वाचायचा. प्रत्येकाने 'हो' किंवा 'नाही' पालथा ठेवायचा. मग सगळ्यांनी एकदम उलटायचा. बहुमतात असलेल्यांना एकेक निळी गादी. पण गटात एकच जण वेगळा निघाला, तर सोनेरी गादी त्या एकट्याला आणि बाकीच्यांना काहीच नाही. त्यानंतर प्रत्येकाने आपलं कारण सांगायचं. अचूक उत्तर कुठेही छापलेलं नाही, कारण ते नाहीच.

हा सोनेरी गादीचा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. चार जण एकीकडे असताना पाचव्याने हात वर करून वेगळं बोलणं हेसुद्धा धाडसच आहे, आणि आपत्तीत अनेकदा तेच उपयोगी पडतं. मुलांना हे व्याख्यान देऊन सांगावं लागत नाही. एकदा कुणाला सोनेरी गादी मिळाली की गट आपोआप त्याच्याकडे वळतो आणि विचारतो, तू असं का म्हणालास?

आता प्रश्न बघा. सर्वांत गाजलेला पत्ता असा: तुम्ही अन्नवाटपाचं काम बघणारे कर्मचारी आहात. भूकंपाला काही तास झालेत. निवारा केंद्रात ३,००० माणसं आहेत ही पक्की बातमी. हाताशी जेवणं २,०००. आणखी कधी येतील ते ठाऊक नाही. ही २,००० वाटायला सुरुवात करायची का? दुसरा पत्ता घरातल्या कुत्रीचा. तिचं नाव मोमो, वय तीन वर्षं, घरातल्या माणसासारखीच. निवाऱ्यात जायचं आहे. तिला न्यायचं का? तिसऱ्यात एका कर्मचाऱ्याचं घर अर्धं पडलंय, घरचे घाबरलेत, गाड्या बंद आहेत आणि कचेरीपर्यंत दोन-तीन तास चालत जावं लागेल. कामावर जायचं का? आणखी एकात पाच जणांचं कुटुंब तीन दिवसांचं अन्नपाणी पिशवीत भरून निवाऱ्यात आलंय. शेजारी बसलेल्यांकडे काहीच नाही. त्यांच्यासमोर पिशवी उघडायची का?

मुलांबरोबर सुरुवात करायची ती मोमोपासून. तो प्रश्न त्यांना लगेच आपला वाटतो, भीती वाटत नाही आणि मतं बहुधा विभागली जातात. इथे खेळ घेणाऱ्याने एक काम करायचं: गटातल्या एकाला दम्याचा त्रास असलेल्या मुलाच्या आईची आणि एकाला निवारा सांभाळणाऱ्या शिक्षकाची भूमिका द्यायची आणि पुन्हा कारणं विचारायची. पत्ते बदलले नाहीत तरी बोलणं बदलतं. पिशवीचा पत्ता दुसरा घ्यावा. कामावर जाण्याचा पत्ता बारा वर्षांपुढे, कारण लहान मुलं त्यात आपले आईवडील बघतात आणि 'बाबा गेले तर आमचं काय' इथेच अडकतात.

सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत महत्त्वाचा पत्ता नागरिकांच्या संचात आहे. तुम्ही समुद्रकाठच्या वस्तीत राहता. तिथे भूकंपानंतर कमीत कमी दहा मिनिटांत त्सुनामी पोचू शकते. आत्ता भूकंप झालाय. तुम्ही पळायला लागलात, पण शेजारी एकट्या राहणाऱ्या आजींची आठवण येते. आधी आजींना बघायला जायचं का?

जवळपास प्रत्येक वर्गात सुरुवातीला 'हो' जास्त पडतात, कारण धाडस म्हणजे मागे वळणं असंच मुलांनी ऐकलेलं असतं. इथे घाई करायची नाही. दहा मिनिटांचा हिशोब फळ्यावर मांडायचा: हादरे थांबेपर्यंत दोन-तीन मिनिटं, आजींच्या दारापर्यंत एक, दार अडकलेलं असेल तर आणखी दोन, त्यांना घेऊन चढावर जायला नेहमीच्या दुप्पट वेळ. मुलं स्वतःच बेरीज करतात आणि गप्प होतात. मग जपानच्या सानरिकू किनाऱ्यावरची जुनी शिकवण सांगायची. 'त्सुनामी तेन्देन्को' म्हणजे ज्याने त्याने, कुणाची वाट न बघता, उंचावर पळायचं. वरवर ती स्वार्थी वाटते. पण ती चालते परस्परांच्या भरवशावर: आजीला माहीत आहे की नातू पळालाय, नातवाला माहीत आहे की आजी आधीच निघालीय, म्हणून कुणी कुणासाठी परत फिरत नाही.

लगेच त्याच किनाऱ्यावरच्या कामाइशी शहराची हकीकत सांगता येते. ११ मार्च २०११, दुपारी २:४६ ला मोठा भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी आली. उनोसुमाई भागात माध्यमिक शाळेची मुलं आदेशाची वाट न बघता पळत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलं त्यांना पळताना बघून त्यांच्यात सामील झाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावर त्यांना वरची दरड ढासळताना दिसली, म्हणून ती आणखी वर गेली. ती पहिली जागा नंतर पाण्याखाली गेली. त्यांना आधीपासून शिकवलेल्या तीन गोष्टी अशा होत्या: धोक्याच्या नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नका, त्या परिस्थितीत जेवढं शक्य आहे तेवढं सगळं करा, आणि सगळ्यांच्या आधी पळा. तिसरी गोष्ट मुलांना चक्रावून टाकते. सगळ्यात आधी पळणारा भित्रा नसतो का? इथेच ज्ञान पक्कं होतं: पहिला पळणारा दिसला की बाकीचे हलतात. कामाइशीत तेच झालं.

यात एक काळजी घ्यायला हवी. या घटनेला 'चमत्कार' म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मुलांसमोर टाळावी. त्याच शहरात त्या दिवशी शाळेबाहेर असलेली काही मुलं वाचली नाहीत, आणि उनोसुमाईतल्याच एका इमारतीत आश्रयाला गेलेली शंभराहून अधिक माणसं गेली. चमत्कार म्हटलं की सराव दिसेनासा होतो आणि गेलेल्यांचा काही दोष होता असं ध्वनित होतं.

आजींच्या पत्त्याचा शेवट नेहमी एका ठरावीक प्रश्नाने करावा: आज, काहीच झालेलं नसताना, आजींसाठी काय करून ठेवता येईल? दाराजवळचं जड कपाट हलवणं, आजींना घेऊन एकदा वरपर्यंत चालून वेळ मोजणं, कोण कुणाला हाक मारत जाईल ते ठरवणं. हा प्रश्न खेळाच्या पत्त्यावर नाही, पण तो विचारला नाही तर मुलं 'आजींना सोडून द्यायचं' एवढंच घेऊन घरी जातात.

बिघाड कुठे होतो ते आता. पहिला, मुलं मैत्रिणीकडे किंवा मित्राकडे बघून पत्ता ठेवतात. उपाय सोपा आहे. वाचून झाल्यावर एक मिनिट पूर्ण शांतता, पत्ता तळहाताखाली, आणि तीन म्हटल्यावर एकदम उलटा. दुसरा बिघाड गुणांचा. दोन-तीन पत्त्यांनंतर चलाख मुलं बहुमताचा अंदाज बांधू लागतात किंवा सोनेरी गादीसाठी मुद्दाम उलटं टाकतात. म्हणून गुण पहिल्या दोन पत्त्यांपुरते ठेवावेत. सोनेरी गादी पुढेही ठेवायची असेल तर ती कारण सांगितल्यानंतरच द्यावी.

तिसरा बिघाड 'हो, पण' चा. २,००० जेवणांच्या पत्त्यावर कुणीतरी लगेच म्हणतं, प्रत्येकाला दोन तृतीयांश द्या. हे हुशार उत्तर आहे, त्याला गप्प बसवू नये, पण ते आधी येऊ दिलं तर अवघड निवडीतून सुटका होते. कोपऱ्यात 'तिसरी वाट' असं लिहून तिथे नोंदवायचं, मत मात्र हो किंवा नाहीच द्यायचं. चर्चेच्या शेवटी त्या कोपऱ्याकडे वळायचं आणि विचारायचं: डबे बंद असतील तर दोन तृतीयांश कसे करणार? ३,००० जणांची रांग कोण लावणार? आधी लहान मुलांना द्यायचं तर त्यांची यादी कुणाकडे आहे? तिसऱ्या वाटेलाही माणसं आणि वेळ लागतो, हे मुलांना इथे कळतं.

चौथा बिघाड मोठ्यांकडून होतो. खेळ घेणारा नकळत मान डोलावतो, एका बाजूच्या कारणाला 'छान' म्हणतो, दुसऱ्या बाजूला 'हं'. मुलांना एवढी खूण पुरते. दोन्ही बाजूंची कारणं एकाच पद्धतीने फळ्यावर लिहावीत. खेळाबरोबर वापरायचा एक नोंदीचा कागद असतो; त्यावर 'हो' मधल्या अडचणी आणि 'नाही' मधल्या अडचणी शेजारी शेजारी लिहायच्या. प्रत्येक मुलाने आपण निवडलेल्या बाजूची अडचण आधी लिहावी, असा नियम आम्ही सुचवू. स्वतःच्या निर्णयाचा तोटा लिहिताना त्या कर्मचाऱ्याच्या छातीवरचं ओझं मुलांना थोडंफार जाणवतं.

वेळेचा हिशोब कधी चुकवू नये. वाचन आणि विचार दोन मिनिटं, कारणं सहा-सात मिनिटं, लेखन दोन मिनिटं, म्हणजे एका पत्त्याला दहा-अकरा मिनिटं. चाळीस मिनिटांच्या तासिकेत तीनच पत्ते होतात. पाच उरकायचा हट्ट धरला की कारणं गळतात आणि फक्त मतमोजणी उरते. सहा मुलांचा गट झाला तर तीन-तीन अशी बरोबरी होऊन अडतं. सहाव्याला कारणं टिपायचं काम द्यावं आणि दर पत्त्याला ते बदलावं.

खेळाची खरी उणीव म्हणजे पुढे काय झालं ते पत्ता सांगत नाही. मोठ्यांना हे चालतं. मुलांना चालत नाही, आणि ती चूक नाही. 'मग खरंच काय केलं त्यांनी?' हा प्रश्न येणारच. म्हणून प्रत्येक पत्त्यासोबत एक खरी हकीकत तयार ठेवावी, आणि तीही नीट तपासलेली.

कोबेची हकीकत सर्वांत उपयोगी. तिथे ढिगाऱ्याखाली अडकलेल्या सुमारे ३५,००० जणांपैकी सुमारे २७,००० जणांना शेजाऱ्यांनी किंवा घरच्यांनी बाहेर काढलं, असा अंदाज आहे. हातात करवत, गाडीचा जॅक, घरातली पहार. अवाजी बेटावरच्या होकुदान या गावात तर कोण कुठल्या खोलीत झोपतो हे शेजाऱ्यांना माहीत होतं, म्हणून नेमक्या जागी खणता आलं आणि सुमारे ३०० जण बाहेर काढले गेले. मुलांना ही माहिती आकड्यांनी द्यावी आणि मग विचारावं: तुमच्या शेजारच्या घरात कोण कुठे झोपतं?

दुसरी हकीकत जपानमधल्याच हिरो या समुद्रकाठच्या गावाची. १८५४ च्या त्सुनामीत हामागुची गोर्यो या व्यापाऱ्याने भाताच्या पेंढ्यांच्या गंज्या पेटवून गावकऱ्यांना उंचावरच्या देवळाकडे जाण्याची वाट दाखवली. लोकप्रिय गोष्टीत तो डोंगरावर राहणारा म्हातारा आहे आणि समुद्र मागे सरताना बघून त्याला सगळं आधी कळतं. खरा गोर्यो पस्तिशीतला होता, स्वतः लाटेत सापडून कसाबसा बाहेर पडला आणि अंधारात चाचपडणाऱ्यांना दिशा कळावी म्हणून त्याने आग लावली. त्यापुढचा भाग मुलांना आवर्जून सांगावा: त्याने स्वतःच्या पैशांतून सुमारे ६०० मीटर लांब आणि ५ मीटर उंच बांध बांधायला घेतला, त्या कामावर गावकऱ्यांनाच मजुरी दिली, आणि जवळपास चार वर्षं ते काम चाललं. १९४६ च्या त्सुनामीत त्या बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. आगीची रात्र सगळे सांगतात. चार वर्षांची मजुरी कुणी सांगत नाही, आणि आम्हाला तर धाडस तिथेच जास्त दिसतं.

तिसरी हकीकत तेरा वर्षांपुढच्या मुलांसाठीच. मिनामिसानरिकू इथल्या नगर कार्यालयातली एक तरुण कर्मचारी २०११ साली पाणी येईपर्यंत ध्वनिक्षेपकावरून 'उंचावर पळा' सांगत राहिली आणि परतली नाही. तिचं कौतुक करून थांबू नये. तिला कोणत्या क्षणी थांबायला सांगायला हवं होतं, ते कुणी सांगायचं, आवाज आपोआप वाजणारी व्यवस्था असती तर काय झालं असतं, हे प्रश्न घ्यावेत. त्याच त्सुनामीत पाण्याचे दरवाजे बंद करायला आणि लोकांना हलवायला गेलेले अडीचशेहून अधिक स्वयंसेवक अग्निशामक गेले किंवा बेपत्ता झाले, आणि त्यानंतर त्यांनी वेळेत माघार घ्यावी यासाठी नियम आखले गेले. साध्या माणसाच्या धाडसावर सगळं सोडून देणं ही मोठ्यांची चूक असते, हे मोठ्या मुलांना कळतं आणि कळायलाच हवं.

तुलनेसाठी इतर दोन साधनं. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती विभागाचा आणि युनिसेफचा 'रिस्कलँड' हा सापशिडीच्या धर्तीचा पट आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चांगला. काय करावं, काय करू नये ते कळतं, पण त्यात माणूस नाही. शिझुओका प्रांताने २००७ मध्ये काढलेला 'हग' हा निवारा चालवण्याचा खेळ मोठ्या मुलांसाठी उत्तम आहे: येणाऱ्या कुटुंबांचे पत्ते शाळेच्या नकाशावर ठेवत जायचे. तो गडबड शिकवतो, 'क्रॉसरोड' निवड शिकवतो.

'क्रॉसरोड' चा खरा उपयोग मुलं स्वतःचे पत्ते लिहायला लागली की सुरू होतो. अग्निशामक, परिचारिका, वीजतारा जोडणारे कर्मचारी, नावाडी, बसचालक अशा कुणाची तरी मुलाखत घ्यायची आणि तीनच प्रश्न विचारायचे. तेव्हा तुम्हाला काय माहीत नव्हतं? दुसरं काय करता आलं असतं? कशाची भीती वाटली? 'तुम्ही किती लोकांना वाचवलंत' हा प्रश्न मुलांना विचारू देऊ नये. त्याने समोरचा माणूस एक तर अवघडतो, नाहीतर भाषण देतो. मग पत्ता चार ओळींत लिहायचा: तुम्ही कोण, काय झालंय, काय ठाऊक नाही, आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असा एक प्रश्न. पाच जणांनी खेळून बघायचा. पाचही मतं एकाच बाजूला पडली तर पत्ता फसला. बहुधा त्यात 'काय ठाऊक नाही' ही ओळ राहून गेलेली असते किंवा एका बाजूची किंमत लिहिलेली नसते.

ज्या मुलांच्या घरावर किंवा गावावर नुकतीच आपत्ती येऊन गेली आहे, त्यांच्याबरोबर हा खेळ लगेच घेऊ नये. इतर गटांतही एखादं मूल अशा अनुभवातून गेलेलं असू शकतं. म्हणून पत्ता न उलटता 'मी फक्त ऐकतो' म्हणायची मुभा सुरुवातीलाच द्यावी. मूळ नियमांत ती नाही. प्रसंग वाचताना आवाजाचे परिणाम, चित्रफिती, ढिगाऱ्यांची छायाचित्रं काही वापरू नये. पत्त्यावरचे शब्द पुरेसे आहेत.

वर्गासाठी अनेक संच घ्यायची गरज नाही. जपानमध्ये हा खेळ क्योतो विद्यापीठाच्या सहकारी भांडारातून विकला जातो. प्रश्न मोठ्याने वाचायचे असल्याने एक संच आणि तयार मराठी वाचन पुरतं. हो-नाहीचे पत्ते मुलांनीच जाड कागदाचे करावेत, चाळीस मुलांना ऐंशी, आणि सगळ्यांची पाठ एकाच रंगाची ठेवावी, नाहीतर पालथा पत्ताही बोलून जातो. भाषांतर करताना जपानी संदर्भ पुसू नयेत, एका वाक्यात समजावून द्यावेत. निवारा म्हणजे शाळेचं व्यायामगृह, एवढं सांगितलं तरी काम भागतं. 'क्रॉसरोड' हे नाव नोंदणीकृत आहे, तेव्हा मुलांनी लिहिलेल्या संचाला वेगळं नाव द्यावं. प्रत्येक पत्त्याच्या मागे प्रसंग कोणत्या वर्षीचा आहे आणि सांगणाऱ्याचं काम काय होतं ते लिहावं. त्याचं नाव मात्र त्याने संमती दिली तरच.